गुरुजींच्या अव्वाची बातमी

आमच्या पेपरात निधन वार्तांचं काम कुणालाच नको असायचं. नवा आलेला माणूस दोन महिने ते कसंबसं करायचा आणि मग क्रीडा पान नाहीतर शहर पान मागून घ्यायचा. माझ्याकडं ते सव्वीस वर्षं राहिलं. पहिल्यांदा दिलं ते मी बाई म्हणून. बायकांना घरगुती बातम्या बऱ्या जमतात, असं तेव्हाच्या साहेबांचं मत होतं. मी भांडले. मी मुळातच तापट, माझी आई म्हणायची की हिच्याशी बोलणं म्हणजे चटणी कुटायच्या डंकावर तोंड उघडं ठेवून उभं राहणं. भांडून काही उपयोग झाला नाही, काम गळ्यात पडलंच. पण पुढं मला त्यात गोडी लागली, हेही खरं.

ते काम शिकवलं आमच्या तेव्हाच्या मुख्य उपसंपादकांनी. त्यांचा नियम एकच. निधनाची बातमी कुणीही आणून दिलेली असो, त्या घरी नाहीतर शेजारी उलटा फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. माणूस कोण, मागं कोण, आणि पुढचा विधी कोणता, कधी, कुठं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडं माणूस गेला की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, आणि त्याची वेळ लांबच्या पावण्यारावळ्यांना पेपरातूनच कळते. कोल्हापुरात अशी कैक माणसं आहेत की जी पहिलं पान सोडून आधी निधनाचा कॉलम बघतात आणि मग ठरवतात, आज अंघोळ करून कुठं पळायचं. ते उपसंपादक म्हणायचे, मंत्र्याचं भाषण चुकलं तर मंत्री फोन करेल, इथं चुकलं तर पन्नास माणसं उन्हात उभी राहतील.

म्हणून मी फोन करायची. पहिली काही वर्षं गावात एकच फोन असायचा, दूध संस्थेत नाहीतर किराणा दुकानात. दुकानदार म्हणायचा, थांबा, बोलावतो, आणि मी रिसीव्हर कानाला धरून बसायची. मागं कोंबड्यांचे आवाज, कुणीतरी साखर मागतंय, आणि मग धापा टाकत कुणीतरी यायचं. त्या दोन मिनिटांत माणसं काय काय सांगायची. पेपरात त्यातलं काही छापायचं नसायचं, पण सांगायची.

गुरुजी मला या कामातच भेटले. गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि आमचे वार्ताहर. नोकरी असल्यामुळं त्यांचं नाव कधी छापलं नाही, नुसतं ‘आमच्या वार्ताहराकडून’. बातम्यांचं पाकीट ते गडहिंग्लजच्या एसटीत कंडक्टरकडं द्यायचे आणि आमचा माणूस स्टँडवरून घेऊन यायचा. अक्षर असं की फळ्यावर सुविचार लिहिलाय. भाषा मात्र पाल्हाळिक. ग्रामसभेची बातमी असली तर कोण उशिरा आलं आणि कोण चहा न घेताच गेलं, इथपर्यंत सगळं. मी कापायची. मग त्यांचा फोन, “ताई, म्हातारा बोलला ते काढलासा व्हय? त्योच तर खरा मुद्दा हुता की.” आमची दर आठवड्याला अशी वादावादी व्हायची, आणि दर महिन्याला ते कामानं कोल्हापुरात आले की स्टँडसमोर चहा व्हायचा. चहाचे पैसे मी दिलेले त्यांना कधी चालले नाहीत.

गुरुजी बौद्ध. त्यांच्या वस्तीतल्या निधनाच्या बातम्या आमच्या पेपरात येऊ लागल्या त्या त्यांच्यामुळं. त्याआधी येत नव्हत्या. कुणी मनाई केलेली नव्हती, पण कुणी पाठवायचं नाही आणि इकडून कुणी विचारायचं नाही, त्यामुळं येत नव्हत्या, एवढंच. त्यांनी पहिली बातमी पाठवली तेव्हा मी सवयीनं तिच्यात रक्षाविसर्जन लिहिलं. संध्याकाळी उलटा फोन केला म्हणून वाचले. ते म्हणाले, आमच्यात रक्षाविसर्जन नसतंय, जलदान विधी असतो, विहारात असतो, आणि आम्ही कैलासवासी लिहीत नाही, कालकथित लिहितो. मी म्हटलं, बरं. त्यानंतर सव्वीस वर्षं निधनाच्या प्रत्येक बातमीच्या खाली त्यांची एक ओळ असायचीच, ताई, जलदान लिहायचं. मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, गुरुजी, मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी मी जलदानच सांगेन. ते हसले, पण ओळ लिहायची काही सोडली नाही.

त्या ओळीमागं त्यांची आई होती. अव्वा म्हणायचे ते तिला, त्यांच्याकडं कानडी मुलूख जवळ. अव्वा लग्न होऊन आली त्याच वर्षी घरानं दीक्षा घेतली. पुढं गुरुजी शाळेत शिकत असताना वडील गेले. घरातलीच जुनी मंडळी आणि गावातले दोघं-तिघं म्हणाले, जाऊ दे, तिसऱ्या दिवसाचं करून टाकू, पहिल्यापासूनची रीत आहे, लोक काय म्हणतील. अव्वा विशी-पंचविशीतली, पदरात तीन पोरं, शिकलेली नाही. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, त्यांनी जे सोडलं ते मी त्यांच्या माघारी घरात घेणार नाही. पुढं दोन वर्षं तिला गावातल्या त्या लोकांनी शेतावर कामाला बोलावलं नाही. गुरुजींनी हे मला चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा त्यांचा कप निवून गेला होता. मी अव्वाला एकदाच भेटले, त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. माझा हात धरून म्हणाली, तूच का ती पेपरातली, माझ्या पोराच्या बातम्या कापणारी. सगळा मांडव हसला.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नसतं तर आज हे लिहायला बसलेच नसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं ते यंत्र आलं. यंत्र म्हणजे संगणकातलाच प्रकार, कृत्रिम बुद्धिमत्ता. वरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं, पेढे वाटले, ते बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतून आलेल्या पोरीनं दाखवलं. आमच्या फोटोग्राफरला म्हणाली, तुमच्या भाषेत काहीही बोला. त्यानं मोबाईलवर रंकाळा तलावाच्या घाणीबद्दल अर्धा मिनिट अस्सल कोल्हापुरीत तोंड सोडलं, निम्म्या शिव्याच. तीन सेकंदांत पडद्यावर स्वच्छ बातमी, शीर्षकासकट, ‘रंकाळा प्रदूषणाबाबत नागरिकांत नाराजी’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याचं इंग्रजी नाव आमच्या कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला पावणं म्हणायला लागलो. पावण्याला विचार, पावण्यानं काय लिवलंय बघ. सहा महिन्यांत आमच्या नऊ जणांच्या टेबलावर चौघं राहिलो. गेलेल्यांतल्या एकानं आमच्या उचगावात मिसळीचं दुकान टाकलंय. चांगलं चालतं, मी जाते कधी कधी. तो तिखट जास्त घालतो आणि पावण्याची चौकशी करतो.

आता खरं सांगायचं तर मला पावणं आवडायला लागलं होतं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण भांडण्यासारखं काही सापडेना. गावोगावचे वार्ताहर मोबाईलवर बोलून बातमी पाठवायचे, पावणं ती नीट करायचं, माझ्या पडद्यावर रांगेत उभी करायचं. मी वाचायची आणि ‘मंजूर’ दाबायची. आधी घरी जायला कधीच वेळेवर जमायचं नाही, आता दिवेलागणीला घरात. नवरा म्हणाला, तीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबरोबर गरम भाकरी खातोय. कंबर दुखायची थांबली. काय वाईट होतं त्यात, सांगा बघू.

उलटा फोन बंद कर असं मला कुणी सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. आमचे आताचे साहेब माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, सभ्य माणूस. ते फक्त म्हणाले, मॅडम, वार्ताहर स्वतःच्या आवाजात सांगतोय, मग परत विचारायची गरज काय, आणि रोजची तीस-पस्तीस निधनं, चौघांत कसं होणार. मी त्यांच्याशी तावातावानं बोलले. त्या संध्याकाळी फोन केले, दुसऱ्या दिवशी केले, तिसऱ्या दिवशी पाचच केले. मग कधीतरी एकही केला नाही आणि मलाच कळलं नाही की तो पहिला दिवस कुठला. आधी प्रत्येक बातमी नीट वाचायची, मग नुसती वरून, मग वर एक चौकोन होता तो दाबला की सगळ्या एकदम मंजूर व्हायच्या.

गुरुजींना हे नवं प्रकरण रुचलं नाही. तेव्हा ते निवृत्त झालेले होते, वेळ भरपूर. मोबाईलवर बोलून पाठवायचे आणि मागोमाग मला फोन करायचे, पाठवलंय ताई, बघा जरा. एकदा मी पान लावायच्या घाईत होते, आणि माझी जीभ काही विचारून चालत नाही. मी म्हटलं, गुरुजी, ते पोचतं की आपोआप, प्रत्येक वेळी फोन कशाला. ते म्हणाले, बरं बरं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या वर्षी थंडीत, एका मंगळवारी पहाटे अव्वा गेली. मला ते बुधवारी सकाळी कळलं, माझ्याच पेपरातून, माझ्याच कॉलमातून. मी ओट्याशी उभी राहून चहा पीत वाचत होते. सव्वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाची आई गेल्याची बातमी आदल्या दिवशी माझ्या बोटाखालून गेली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आधी एवढंच लक्षात आलं आणि डोळे भरले. मग पुढची ओळ वाचली. ‘कैलासवासी’. आणि शेवटी, ‘रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी नऊ वाजता आहे.’

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. नवरा म्हणाला, काय झालं. मी म्हटलं, मी मेले.

गुरुजींना फोन लावला, उचलला नाही. घरात मयत झालेली, कोण उचलणार. ऑफिसला धावत गेले आणि पावण्याकडं आलेला त्यांचा मूळ आवाज उघडून ऐकला. एरवी गुरुजी बातमी सांगताना वर्गात शिकवल्यासारखे सांगतात. इथं आवाज बसलेला. गावाचं नाव, अव्वाचं नाव, वय, मागं कोण कोण. मग ते थांबले. बराच वेळ काही नाही, नाक ओढल्याचा आवाज, मागं बायकांचं रडणं. आणि मग अगदी हळू, रविवारी सकाळी अकराला विहारात जलदान विधी हाय. पावण्यानं ते थांबणं म्हणजे बोलणं संपलं असं धरलं होतं. पुढचं त्यानं मनानं भरलं. तिसरा दिवस, सकाळी नऊ, रक्षाविसर्जन. मनानं तरी कसं म्हणू. त्याला आमच्याच पेपरच्या जुन्या फायली खायला घातल्या होत्या, त्यांत शंभरातल्या नव्वदांवर निधनांना तेच लिहिलेलं. गुरुजींची माणसं त्या फायलींत उशिरा आली आणि थोडी आली. त्याची त्याला काय कल्पना. त्याची कल्पना मला होती, आणि ते मी बघावं म्हणूनच मला तिथं बसवलं होतं.

त्या आवाजाच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं. “ताई, तुमी बघालच, तरी सांगतोय, जलदान लिवायचं.”

मी साहेबांच्या खोलीत गेले आणि रडले. ते घाबरले बिचारे, मला रडताना कधी कुणी पाहिलेलं नाही. खुलासा उद्याच छापू म्हणाले, स्वतः बसून लिहिला. तांत्रिक कारणामुळं चुकीचा मजकूर प्रसिद्ध झाला, दिलगीर आहोत, विधी रविवारी. मला दाखवून विचारलं, बरोबर आहे ना. बरोबर नव्हतं. मी न वाचता मंजूर केलं होतं, त्यात तंत्राचा काय संबंध. पण मी मान डोलावली. मला ते सोयीचं होतं.

गुरुवारी पहाटेची पहिली एसटी धरून मी गेले. खुलासा त्या दिवशीच्या पेपरात होता, पण लांबून येणारी माणसं पेपर गावात यायच्या आधीच घरातून निघालेली असणार, हे मला पक्कं माहीत होतं. गडहिंग्लजला उतरून वडापच्या जीपनं गावात पोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. ओढ्याकाठी त्यांच्या वस्तीची स्मशानभूमी, एक पत्र्याची शेड, समोर कडुनिंब. तिथं तीस-चाळीस माणसं उभी. आणि फाटकात गुरुजी.

ते सकाळी सातपासून तिथं उभे होते, असं नंतर त्यांच्या सुनेनं सांगितलं. येईल त्याला हात जोडून सांगत होते, पावणं, आज काही नाही, पेपरात चुकलंय, घरी चला, चहा घ्या, रविवारी या. आई जाऊन दोन दिवस झालेला माणूस. कबनूरहून त्यांच्या चुलत बहिणीचं सगळं घर आलेलं, मागावर काम करणारी माणसं, रोज बुडवून आलेली. त्यांना रविवारी परत सुट्टी मिळणार नव्हती. त्यातला एक जण तावातावानं म्हणत होता, “पेपरात हाय की छापलेलं, मग खोटं कसं?” आणि गुरुजी त्याची समजूत घालत होते. सीमेपलीकडून आलेली एक म्हातारी कडुनिंबाखाली बसली होती, अव्वाची लहानपणची मैत्रीण. तिला मराठी नीट कळत नव्हतं. ती उठायलाच तयार नव्हती, तिला वाटत होतं अजून सगळे यायचेत.

वस्तीतले दोन म्हातारे बाजूला उभे होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, की म्हातारीनं जन्मभर जे घरात येऊ दिलं नाही, ते मेल्यावर पेपरवाल्यांनी तिच्या नावावर लावलं.

गुरुजींनी मला बघितलं. या ताई, म्हणाले. नेहमीसारखंच म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागं सरले. मी काहीतरी बोलत सुटले, खुलासा छापलाय, मोठा छापलाय, पुण्याच्या लोकांना कळवलंय, असलंच काहीबाही. मग गुरुजींनी एकच गोष्ट विचारली.

“तुमी वाचलासा हुता का, ताई?”

सरळ प्रश्न होता. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण सव्वीस वर्षं मी त्यांच्यापुढं कोण होते? शब्दन् शब्द वाचणारी, त्यांच्या बातम्या कापणारी, भांडणारी बाई. मी तुमच्या आईची बातमी वाचलीच नाही, हे माझ्या तोंडून निघेना. सगळ्या जगाला फाडफाड बोलणारी मी, तिथं शेपूट घातली.

“वाचलं होतं गुरुजी,” मी म्हटलं. “नजरेतून सुटलं.”

“बरं,” म्हणाले, आणि वळून त्या म्हातारीकडं गेले, तिला हाताला धरून उठवायला.

परत येताना एसटीत बसल्यावर मला कळलं, मी काय बोलून आले ते. वाचलं नाही म्हटलं असतं तर मी आळशी ठरले असते, बेफिकीर ठरले असते, आणि ते खरंच होतं. वाचलं म्हटल्यावर त्याचा अर्थ काय झाला? की सगळं माहीत असून, अव्वा दारात उभी राहिली ते माहीत असून, मी ते शब्द वाचले आणि मला काही खटकलं नाही. की या बाईला शेवटी आपल्या माणसांची किंमत तेवढीच. मी माझी अब्रू वाचवायला गेले आणि त्यांना त्यापेक्षा वाईट काहीतरी देऊन आले. संकेश्वर गेलं, निपाणी गेली, कागल गेलं, प्रत्येक ठिकाणी वाटायचं उतरावं आणि परतीची गाडी धरावी. उतरले नाही.

रविवारी जलदान विधीलाही गेले नाही. पानाचं काम आहे असं घरात सांगितलं. पानाचं काम पावणं करत होतं.

त्यानंतर गुरुजींची बातमी आली नाही. एक आठवडा, दोन आठवडे, मी म्हटलं दुखवट्यात असतील. महिना गेला. मी फोन लावायला मोबाईल हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. साहेबांनी एकदा विचारलं, त्या भागातून काही येत नाही का. मी म्हटलं, गुरुजींचं वय झालं. आणखी एक खोटं, त्यात काय. तोवर पुण्याच्या लोकांनी पावण्यात सुधारणा केली होती. माझ्याकडूनच सगळं विचारून घेतलं आणि केली, फार मन लावून केली. आता निधनाची बातमी आली की ते वार्ताहराला उलट विचारतं, विधी कोणता, कधी, कुठं. खाली यादी येते आणि यादीत जलदान विधी आहे, पुण्यानुमोदन आहे, दफनविधी आहे. कितीही वेळा विचारलं तरी ते चिडत नाही. ते यंत्र आता ते काम माझ्यापेक्षा बरं करतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी गुरुजी ऑफिसात आले. वाळले होते. पांढरा शर्ट, हातात तीच कापडी पिशवी. मी उठून उभी राहिले. त्यांनी खिशातून आमच्या पेपरचं वार्ताहराचं ओळखपत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. असं ओळखपत्र परत करायची पद्धत आमच्याकडं नाही, कुणी कधी केलेलं नाही. मी म्हटलं, बसा, चहा सांगते. ते म्हणाले, डॉक्टरकडं आलतो, गाडी गाठायची हाय. आणि निघाले.

मी त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेले. जिन्यात कुणी नव्हतं. मी म्हटलं, “गुरुजी, मी खोटं बोलले होते. मी वाचलंच नव्हतं. सगळ्या बातम्या एकदम मंजूर केल्या, त्यात अव्वाची बातमी गेली. तुम्हाला वाटलं असेल की वाचूनसुद्धा मी…”

ते दोन पायऱ्या खाली होते. कठड्याला धरून थांबले.

“ते मला तितंच कळलं हुतं, ताई. तुमी वाचलं असतं तर ते गेलंच नसतं. सव्वीस वर्सं वळखतो की तुमास्नी.”

मला एवढं हलकं वाटलं की मी हसलेच. मी म्हटलं, मग राग कसला धरलात? बातम्या का बंद केल्यात?

“राग न्हाय वो,” ते म्हणाले. “मी पेपरला कुठं सांगत हुतो? मी तुमास्नी सांगत हुतो. आता हितं वाचायला कोण न्हाय म्हटल्यावर कुणाला सांगू?”

मग तब्येतीला जपा म्हणाले आणि एकेक पायरी उतरत गेले.

त्यांच्या जागी आम्ही दुसरा माणूस नेमला आहे. तो गडहिंग्लजातच बसतो, त्याच्या हाताखाली पंधरा-वीस गावं आहेत आणि त्याच्या बातम्या भरपूर येतात. पावणं त्याला विधी कोणता ते न चुकता विचारतं. पण गुरुजींच्या वस्तीतून त्याला कुणी काही कळवत नाही, आणि तोही तिकडं फिरकत नाही. अव्वानंतर त्या वस्तीतलं एकही निधन आमच्या पेपरात आलेलं नाही. माणसं काय मरायची थांबलेली नाहीत.